विहीर आधी, घर मागाहून

जुन्या घरात गेलं की मी आधी मागचं दार गाठते. ओटी, माजघर, देवघर सावकाश पाहता येतं, पण परसातली विहीर कुठे आहे हे बघितल्याशिवाय त्या घराची मांडणी उलगडत नाही. घराच्या आधी विहीर खणली जायची. भिंतींची माती मळायची, घाणीत चुना मळायचा, चिरे भिजवायचे, जोत्यात भर घालून ती चोपायची, या सगळ्याला रोज पाणी लागायचं. ते दुसऱ्याच्या विहिरीवरून आणायचं तर बांधकामाचा खर्च हाताबाहेर जाई. म्हणून विहिरीला पाणी लागलं की मगच जोत्याची दोरी धरत. विहीर कुठे घ्यायची हा त्या जागेवरचा पहिला निर्णय असे. पुढच्या दोन-चार पिढ्या घरातली माणसं कुठून चालतील, बायका कुठे वाकतील आणि कोणाला कुठपर्यंत आत यायला मिळेल, हे त्या एका निर्णयात ठरून जाई.

माझी उभी नोकरी भूजल सर्वेक्षणात गेली. निवृत्तीनंतरही विहिरीची जागा विचारायला माणसं येतात आणि हल्ली अलिबागकडे बंगले बांधणारी मंडळीही फोन करतात, “ताई, अंगणात स्विमिंग पूल कुठे घ्यावा?” मी त्यांना आधी विहिरींबद्दल सांगते. आपल्याकडे आवारात पाणी कुठे ठेवायचं याचा जो काही विचार झाला, तो सगळा विहिरीच्या निमित्तानं झाला आहे.

महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग काळ्या पाषाणाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचा हा दगड. नदीच्या गाळात कुठेही खणलं तरी पाणी लागतं. इथे ते लागतं फक्त भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरांत. देशावरच्या एखाद्या जुन्या विहिरीत उन्हाळ्यात उतरून बघा. वर हात-दोन हात काळी माती. मग पहारीनं सुटणारा मुरूम. त्याखाली मांजऱ्या, म्हणजे बारीक भोकांचा मऊ खडक, त्यातली कित्येक भोकं पांढऱ्या खड्यांनी भरलेली. मग काळा फत्तर, ज्याच्यावर पहार आपटली की खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. मध्येच कुठे गेरूसारखी तांबडी पट्टी. तिच्या वरच्या कडेला बोट लावलं की ओल लागते, थोडं थांबलं की थेंब जमतो, फुगतो आणि ओघळतो. विहिरीचं सारं पाणी असल्याच फटींतून येतं. ती फट चुकली तर पाच परस खोल खणूनही कोरडा खड्डा पदरी पडतो आणि वीस पावलांवर शेजाऱ्याची विहीर भरलेली असते. जमिनीत उभी शिरलेली पाषाणाची भिंत असेल, तर तिच्या एका अंगाला पाणी अडतं आणि दुसऱ्या अंगाला ठणठणाट.

विहिरीपायी दागिने मोडले जात, जमीन गहाण पडे. पाणी लागलं नाही तर कर्ज तेवढं उरे. एवढा जुगार आपल्या एकट्याच्या जबाबदारीवर खेळायची कोणाची छाती होत नसे, म्हणून पाणाड्याला बोलवत. तो अनवाणी शेतभर फिरे. कोणी उंबराची किंवा जांभळीची बेचकी दोन्ही मुठींत धरून चाले, कोणी तळहातावर नारळ आडवा ठेवी. नारळ उभा राहिला की तिथे खूण करायची, नारळ फोडायचा आणि खणायला सुरुवात. पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याला, जमिनीतलं पाणी आणि पुरलेलं धन दोन्ही कळतं, असाही समज होता. अजून आहे.

नारळ पाण्यानं उभा राहत नाही, हे मी ठामपणे सांगते. हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीनं तो उठतो, आणि ज्याच्या हातावर तो असतो त्यालाही ते कळत नाही. पण मला नोकरीत भेटलेले चांगले पाणाडे नारळ हातात घेण्याआधी बराच वेळ नुसते हिंडत. शेजारच्या विहिरींत डोकावत, कोणत्या थराला पाणी आहे ते विचारत, ओढ्याचं वळण बघत, उन्हाळ्यात कोणतं झाड हिरवं राहतं याची चौकशी करत. त्यांचं निम्मं काम तिथेच झालेलं असे.

हे निरीक्षण फार जुनं आहे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत जमिनीतलं पाणी शोधण्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं, त्याचं नाव दकार्गल. माणसाच्या अंगात जशा शिरा, तशा जमिनीत पाण्याच्या शिरा, काही उथळ आणि काही खोल, हे त्याचं गृहीत. मग तो झाडंच सांगत सुटतो. जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल तर तिच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोड पाणी. उंबराच्या पश्चिमेला तीन हातांवर अडीच पुरुष खोलीवर. खणताना वाटेत बेडूक निघेल, अमुक रंगाची माती लागेल, अशा खुणाही देतो. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक पुरुष. आपल्या खेड्यांत कालपर्यंत विहिरीची खोली परसात मोजत, ते हेच माप. त्यातली दिशा आणि हातांची गणितं मी मानत नाही, पण वारूळ आणि झाडं यांवरचा भर मला पटतो. वाळवीला घर बांधायला ओलसर माती लागते, उंबराची मुळं ओलीच्या मागे जातात. खडक फुटत नसेल तर त्यावर पळसाची आणि टेंभुर्णीची लाकडं पेटवून तो लाल होऊ द्यावा आणि वर चुन्याचं पाणी शिंपडावं, हेही त्यानं लिहून ठेवलं आहे. सुरुंगाची दारू येण्याआधी पाषाण फोडायचा तो एक मार्ग होता.

याच प्रकरणात दिशांची ती गाठ आहे, जी आज वास्तुशास्त्राच्या नावानं सगळीकडे फिरते. गावाच्या किंवा नगराच्या आग्नेयेला, नैर्ऋत्येला आणि वायव्येला विहीर असू नये, बाकी दिशा शुभ, एवढंच तिथे आहे. म्हणजे चार कोपऱ्यांत ईशान्य तेवढी उरते, पण पूर्व, उत्तर, दक्षिण आणि पश्चिम मोकळ्याच राहतात. गावासाठी सांगितलेली ही गोष्ट पुढे एकेका घराच्या आवाराला लावली गेली आणि ‘पाणी ईशान्येलाच’ असा कडक नियम होऊन बसला. कोकणात तो पाळायचा म्हटलं तर पंचाईत होते. तिथे जमीन सह्याद्रीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरते. जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यात विहीर तुडुंब भरते आणि होळीनंतर तळ दिसतो, कारण जांभा स्पंजासारखा सच्छिद्र आणि त्यातलं पाणी उतारानं निघून जातं. टिकाऊ पाणी हवं तर उताराच्या खालच्या अंगाला जावं लागतं. आमच्या पूर्वजांनी तिथेच विहिरी खणल्या. शास्त्राला नमस्कार केला आणि जमिनीचं ऐकलं, याचा मला फार आदर वाटतो.

माझं आजोळ नागावचं, अलिबागकडच्या अष्टागरातलं. किनाऱ्यालगतच्या त्या वाळूच्या पट्ट्यात विहिरीचं गणित सगळ्यांहून वेगळं आहे. खाली समुद्राचं खारं पाणी आणि त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून तरंगत राहिलेलं. हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर त्या सपाटीखाली ते सुमारे चाळीस फूट असतं. उलट बाजूनं पाहिलं तर वरचं पाणी एक फूट उपसलं की खालचं खारं पाणी कालांतरानं चाळीस फूट वर सरकू शकतं. आकडा ठाऊक नसताना तिथल्या लोकांनी वागणं मात्र त्याला धरून ठेवलं होतं. विहीर उथळ आणि ऐसपैस घ्यायची, खोल जायचं नाही, जास्त पाणी हवं असेल तर वाडीत दुसरी विहीर घ्यायची. उपसा रहाटानं. माळेला बांधलेले मातीचे लोटे, डोळ्यांवर झापड बांधलेला रेडा गोल फिरतोय, लोटे रिकामे होताहेत आणि पन्हळीतलं पाणी पाटानं नारळी-पोफळीच्या आळ्यांत चाललंय. रेडा थकला की उपसा थांबे आणि तेवढ्यात विहीर पुन्हा भरे. विजेचा पंप थकत नाही. तो आल्यावर किनाऱ्यावरच्या कितीतरी वाड्यांचं पाणी मचूळ झालं.

घराच्या आत विहिरीची जागा बायकांच्या कामानं ठरे, निदान ठरायला हवी होती. सुखवस्तू घरात ती मागच्या दारापासून चार पावलांवर, न्हाणीला लागून असे. कठड्याशी धुण्याचा दगड, बाजूला दगडी डोणी, न्हाणीचं पाणी केळींना, केळींपुढे अळू. शेतखाना आवाराच्या दुसऱ्या टोकाला आणि उताराच्या खाली. हे शेवटचं जिथे पाळलं गेलं नाही तिथे पटकीनं घरं रिकामी केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून साथ आली की विहिरीत परमँगनेटचं लाल औषध टाकू लागले, पुढे टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आली. जागेची चूक औषधानं सावरण्याची ती धडपड होती. जुन्या विहिरींच्या कठड्याच्या दगडावर दोरानं पडलेल्या खाचा तुम्ही पाहिल्या असतील. अंगठा सहज बसेल इतक्या खोल असतात. दोन-तीन पिढ्यांच्या हातांनी ओढलेला सुंभ काळ्या दगडाला कापत गेला आहे, आणि ते हात बहुतेक सगळे बायकांचे होते.

शहरात आवारच लहान, तर आड वाड्याच्या चौकात येई. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ आणून शहरात हौद भरले, तरी वाड्यांतले आड राहिलेच. दोन घरांच्या सामाईक भिंतीखालची विहीर हा प्रकार मला सगळ्यांत लोभस वाटतो. विहिरीच्या तोंडावर कमान टाकून तिच्यावर भिंत उभी केलेली, अर्धी विहीर इकडच्या घरात आणि अर्धी तिकडच्या. कधी भावांची वाटणी झालेली असते, कधी दोन शेजाऱ्यांनी खर्च निम्मानिम्म केलेला असतो. सुना दोन्हीकडून पोहरे सोडत आणि भिंतीपलीकडच्या घरातलं बोलणं पाण्यावरून घुमून ऐकू येई.

आता मला या सगळ्यात जे मुख्य वाटतं त्याकडे येते. विहीर मागच्या दारी गेली की ती फक्त घरची झाली. पुढच्या अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला असली तर वाटसरूलाही पाणी मिळे. म्हणजे पाणी कुठे आहे याच्या जोडीला ते कोणाला द्यायचं हेही जागेनं ठरे, आणि आपल्या समाजानं ते फार कठोरपणे ठरवलं. विहीर खणताना ज्या मजुरांचे हात लागले, त्यांतल्या अस्पृश्य मानलेल्यांना पाणी लागल्यावर कठड्याजवळ फिरकता येत नसे. कोणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतीपर्यंत तासन् तास थांबायचं. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरचा पाण्याचा हौद या लोकांना खुला केला. गंज पेठेतल्या फुले वाड्यात गेले की मी तिथे थोडा वेळ उभी राहते. आवारातल्या पाण्याचा इतिहास लिहायचा तर हे त्यातलं सर्वांत मोठं पान आहे, असं मी मानते. तो सार्वजनिक तलाव नव्हता, घरचं पाणी होतं. सोवळ्या-ओवळ्याची रेघ घरातून काढायची म्हणजे काय, हे त्या काळच्या पुण्यात ज्याला कळेल त्यालाच त्या कृतीचं वजन कळेल. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला, आणि तरीही २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारो लोकांसह जाऊन पाणी प्यावं लागलं. फुल्यांच्या हौदापासून तिथवर जवळजवळ साठ वर्षं गेली होती.

मुंबईत घरच्या विहिरीचा अंत वेगळ्याच वाटेनं झाला. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळानं आलं, तरी आवारातल्या विहिरी चालूच होत्या. १९११ साली डॉ. बेंटली यांनी शहरातल्या मलेरियाचा तपास करून अहवाल दिला. हिवतापाचा डास घरोघरच्या विहिरींत वाढतो असं त्यात निघालं. मग विहिरी बुजवा किंवा झाका असा तगादा सुरू झाला. ज्यांच्या धर्मकृत्यांना विहिरीचंच पाणी लागे त्यांनी विरोध केला आणि काही ठिकाणी जाळीचं दार ठेवून झाकणं बसली. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर या सगळ्यातून टिकली. खेड्यांत पायऱ्यांच्या विहिरींवर नारूनं घाला घातला. रोगी पाण्यात उतरला की त्याच्या जखमेतून जंतू पाण्यात जात आणि तेच पाणी सारं गाव पिई. पायऱ्या बंद करून कठडे बांधले गेले. नारूचा देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला.

पुढे १९७२ च्या दुष्काळानं बोअरवेल गावोगाव पोचवली. सोलापुरात घडलेल्या हातपंपावरून देशभर गेलेला इंडिया मार्क टू तयार झाला, याचा मला अभिमान आहे. त्यानं लाखो बायकांच्या खांद्यावरचा दोर उतरवला. पण सहा इंची भोकाला आवारात जागा शोधावी लागत नाही. गाडी जिथे उभी राहील तिथे ते पडतं. शिवाय १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचं पाणी, ते ठरावीक प्रवाहातून वाहत नसेल तर, ज्यानं त्यानं हवं तेवढं काढावं. म्हणून शेजाऱ्याचं भोक दोनशे फूट गेलं की आपलं तीनशे. महाराष्ट्रात सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर नको, हा कायदा यायला १९९३ साल उजाडलं.

आणि पोहायचं म्हणाल, तर ते आम्ही विहिरीतच शिकलो. वाळलेल्या भोपळ्यांची जोडी किंवा पांगाऱ्याचा बिंडा पाठीला बांधायचा आणि मामानं वरून ढकलून द्यायचं. सूर, मुटका, तळाची माती मुठीत आणून दाखवणं, हे सगळं वाडीतल्या त्याच पाण्यात. संध्याकाळी तेच पाणी पोफळींना जाई.

आता अंगणात पूल घेणाऱ्यांना मी जे सांगते ते विहिरीच्या बरोबर उलटं आहे. विहीर जिथे पाणी जवळ तिथे घ्यायची, पूल जिथे पाणी लांब तिथे. अष्टागरात श्रावणात भूजल अंगणाच्या पातळीजवळ येतं. अशा वेळी सखल जागेतला पूल साफ करायला रिकामा केला तर खालचं पाणी तो काँक्रीटचा हौद वर उचलतं आणि भिंती तडकतात. उंचवट्याची जागा निवडा, पण ती विहिरीच्या थेट माथ्यावर नको, नाहीतर गाळणी धुतल्यावर निघालेलं क्लोरीनचं पाणी उतारानं विहिरीत येईल. पानगळीच्या झाडाखाली नको. आणि भरण्याचा हिशेब आधी करा. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पुलात ७५,००० लिटर पाणी मावतं. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचं सरकारी प्रमाण आहे, त्या मापानं हे तेराशेहून अधिक माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. मे महिन्यात तेवढं विहिरीतून उपसलं तर तुमचीच नव्हे, शेजारच्या दोन वाड्यांचीही विहीर मचूळ होऊ शकते, आणि त्या वाड्यांतली माणसं तेच पाणी पितात.

अलिबागला वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटर तरी पाऊस पडतो. दीडशे चौरस मीटरच्या छपरावरून तीन लाख लिटर पाणी पागोळ्यांनी खाली येतं. पूल छपराच्या ज्या बाजूला पागोळ्या जास्त पडतात तिकडे घ्या, पन्हळ लावा, पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या आणि जुलैत भरून घ्या. उरलेलं पाणी वाळूच्या गाळणीतून विहिरीत सोडा. जागेचा नकाशा घेऊन आलात तर उताराच्या रेघा मी काढून देते.